गाळलेला ठोका

३ फेब्रुवारी, सोमवार

जागा मिळाली! दादाच्या घरातली मागची खोली. आई होती तेव्हा ती तिची होती. आता तिथे इस्त्रीचं टेबल, जुन्या गाद्या आणि वहिनीची कधीच न लागणारी सगळी भांडी राहतात. वहिनी म्हणाली, "दुपारी दोन ते चार खोली तुमची, वन्सं. तुझा दादा तेव्हा झोपलेला असतो आणि मी शब्दकोडं सोडवत असते. फक्त माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही." चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते. दादा पेपरातून डोकं वर न काढता नुसतं "हं" म्हणाला. त्या "हं"चा अर्थ मी गेली तीस वर्षं लावते आहे.

माझ्या घरी रेकॉर्डिंग शक्यच नाही. खाली व्यायामशाळा आहे आणि तिथे माणसं दिवसभर लोखंड जमिनीवर आपटतात.

एका छोट्या कंपनीच्या बाईंनी कळवलंय की महिनाअखेरीपर्यंत नऊ गाणी स्वच्छ रेकॉर्ड करून दिली तर त्या अल्बम काढतील. "स्वच्छ" हा शब्द त्यांनी दोनदा लिहिलाय. हा माझा सातवा अल्बम. आधीचे सहा ज्यांनी ऐकले त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत, त्यातले निम्मे नातेवाईक. मी गिटारवर अमेरिकन वळणाची मराठी गाणी गाते; कंट्रीवाले म्हणतात हे ब्लूज आहे, ब्लूजवाले म्हणतात ही तर कंट्री. धड ना इकडची, धड ना तिकडची. मी आता एक्कावन्न वर्षांची आहे आणि मनाशी ठरवून टाकलंय की हा शेवटचा. हाही गेला तर गिटार माळ्यावर, आणि मी उरलेलं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलमध्ये.

तिथे मी शेजारच्या सीटवर बसून लोकांना दिवसभर सांगते, "घाई नको, हळू, हळू." वहिनीच्या मते हा जगातला सगळ्यात मोठा विनोद आहे. दादा मला लहानपणापासून भिंगरी म्हणतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

रेकॉर्डिंग करणारा आला. आम्ही त्याला कानसेन म्हणतो. उत्तम ऐकतो, गाता अजिबात येत नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. दोन माइक, रेकॉर्डिंगची एक पेटी, मोठे हेडफोन आणि एक वाईट सवय: काही बोलायच्या आधी डोळे मिटून मान हलवतो. डॉक्टर रिपोर्ट वाचताना करतात तसं.

त्याने आधी घरभर फिरून कान लावले. फ्रीज गुणगुणतो म्हणून गायच्या आधी तो बंद करायचा. परत चालू करायला विसरू नये म्हणून माझ्या स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे किल्ली घ्यायला जाईन तेव्हा आठवेलच. ही त्यांच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे म्हणे. वहिनी म्हणाली, "हिला पायातल्या चपला ठेवायला सांगा. किल्ली नसली तर ही ढकलत नेईल स्कूटर."

माझी खुर्ची भिंतीला पाठ करून ठेवलीय, तिथे आवाज उबदार येतो म्हणे. भिंतीच्या पलीकडे दादाची खोली. मी जरा बिचकले, पण वहिनीने डायनिंग टेबलाकडे बोट दाखवलं. बशीत दादाचं कानातलं यंत्र होतं. जेवण झालं की काढून तिथेच ठेवतो. छापखान्यातल्या मशिनींनी त्याचे कान खाल्ले. यंत्र नसलं तर त्याच्या उशाशी बँड वाजवला तरी तो कूस बदलायचा नाही.

हे एका अर्थी बरंच आहे. नऊपैकी एक गाणं त्याच्या कानावर पडता कामा नये.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीन गाणी झाली. तीन! एका दुपारी! आणि चांगली झाली. मी लोकांचं माझ्याबद्दलचं मत जाणते: बाईंचा गळा चांगला, शब्द चांगले, ताल मात्र वाऱ्यावर. मी पळते. आतून कुणीतरी ढकलतं, पुढच्या ओळीची घाई होते. आज पळाले नाही. खोलीचा गुण असेल. आईची खोली.

शेवटी कानसेनने डोळे मिटून मान हलवली. "ताई, खालून एक ठोका येतोय. बारीक आहे, पण आहे."

आम्ही दोघांनी हेडफोनमधून ऐकलं. ढप. मग गप्प. मग ढप. माझ्या पायाचा असेल म्हणून मी पाय वर घेऊन मांडी घालून बसले. तरी ढप. पाण्याच्या पाइपचा असणार, घर जुनं आहे.

"पण ताई, तालात आहे."

"पाणीसुद्धा कधी कधी तालात असतं," मी म्हटलं.

निघताना किल्ली घ्यायला फ्रीज उघडला तर आतला दिवा लागला. कुणीतरी आधीच चालू केला होता. कानसेन म्हणतो मी नाही. विसरला असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सुट्टी. त्या गाण्याबद्दल लिहून टाकते, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

दादा आणि मी मिळून गायचो. म्हणजे मी गायचे, गिटार वाजवायचे, आणि तो शेजारी बसून ठेका धरायचा. ड्रम घेणं शक्य नव्हतं, म्हणून बाबांची जुनी चामड्याची सुटकेस आडवी टाकून तो तिच्यावर टाच मारायचा. त्या सुटकेसइतका सुंदर ड्रम मी नंतर ऐकला नाही. मी पळाले की तो कधीच माझ्यामागे पळत आला नाही. तो एक ठोका गाळायचा. बस्स. पायरी असेल असं समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तशी मी अडखळायचे आणि जागेवर यायचे. लोकांना वाटायचं, मुद्दाम बसवलंय.

मग आम्हाला एका मोठ्या गायकाबरोबर दौऱ्यावर जायचं बोलावणं आलं. गाडी घराच्या गेटपाशी आली. मी चढले. दादा चढला नाही. आदल्या रात्रीपर्यंत येणार होता, सकाळी म्हणाला, "तू जा." आई तेव्हा आजारी होती, मला माहीत आहे. नंतर त्याने छापखान्यात नोकरी धरली, आईला शेवटपर्यंत सांभाळलं, मी अधूनमधून फळं घेऊन यायचे. सगळं मान्य. पण मी खिडकीतून हात हलवत होते आणि त्याने पाठ फिरवली. एकदा हात वर केला असता तर काय बिघडलं असतं? गाडी वळेपर्यंत मी त्याच्या शर्टाची पाठ बघत होते.

त्यावर गाणं आहे. "रिकामी जागा." ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत सांगून टाकायचं:

गाडीत जागा दोनच होत्या, एक रिकामी राहिली,
गाडीत जागा दोनच होत्या, एक रिकामी राहिली,
मी हात हलवला खिडकीतून आणि तुझी पाठच पाहिली.

पुढची कडवी याहून कडू आहेत. अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं हेच आहे, आणि ते त्याच्याच घरात बसून, त्याचंच मीठ खाऊन गाते आहे. लाज वाटते का? थोडी. थांबणार का? नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आधी एक साधं गाणं उरकलं, मग "रिकामी जागा" झालं. गायच्या आधी बशीत यंत्र आहे ना, ते दोनदा बघून आले. वहिनी शब्दकोड्यातून वर न बघता म्हणाली, "काय गं, चोराच्या मनात चांदणं?" मी पाणी प्यायला आले होते असं सांगितलं.

गाणं असं झालं की संपल्यावर गिटार खाली ठेवायचीच विसरले. दुसऱ्या कडव्यात जरा पळाले होते, पण सावरले, कशी ते माझं मलाच कळलं नाही. कानसेनने हेडफोन काढून चष्मा पुसला. मग म्हणाला, "ठोका आहे याच्यातही. सगळ्यात जास्त याच्यातच आहे."

मला आता त्या ठोक्याचा संताप यायला लागलाय. "स्वच्छ" हवंय त्या बाईंना. कानसेन म्हणतो तो कापून काढता येत नाही, माझ्या आवाजात मिसळलाय, काढायला गेलं तर माझ्या गळ्याचा तुकडा निघून येईल. मी म्हटलं, मग आवाज होतोच कसा ते बघ. तो म्हणाला, "ताई, मला विचाराल तर हा ठोका तुमच्यापेक्षा बरा आहे."

मी त्याला चहा दिला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचं वागणं दिवसेंदिवस विचित्र होत चाललंय. आज जाऊन बघते तर हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ बंद. बॅटरी काढून शेजारी ठेवलेली. विचारलं तर म्हणे, "टिकटिक ऐकवत नाही." ज्याला दाराची बेल ऐकू येत नाही त्याला टिकटिक! आणि माझ्या खोलीचं दार कुरकुरायचं, त्याच्या बिजागऱ्यांना त्याने तेल घातलं. इतकं घातलं की खाली डाग पडला. मी येते म्हणून घरात काहीतरी दुरुस्त करत राहायचं, म्हणजे माझ्याशी बोलावं लागत नाही. ओळखून आहे मी.

अल्बमच्या कव्हरवर त्या जुन्या सुटकेसचा फोटो छापावा असं मनात आलं. माळ्यावर चढून शोधली. नाही. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "ती होय? असेल घरातच कुठेतरी," आणि कोड्यात तोंड खुपसून हसली. म्हणजे टाकून दिली असणार. सांगायचं धाडस नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्लंबर आणला. जाडजूड, शांत माणूस. त्याने खोलीतल्या भिंतीला हात लावला, कान लावला आणि मला म्हणाला, "बाई, तुम्ही गा जरा. तुम्ही गाताना येतो म्हणता ना?" आयुष्यात पहिल्यांदा मी प्लंबरसाठी गायले. एक कडवं झाल्यावर तो उठला, "पलीकडून बघून येतो" म्हणाला आणि दादाच्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही. मला तर हसण्याचा आवाज आल्यासारखं वाटलं.

परत आला तो गंभीर चेहऱ्याने. "पाइप चांगला आहे. आता नाही यायचा आवाज. पलीकडे सांगितलंय."

"पलीकडे म्हणजे शेजाऱ्यांना?"

त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने छताकडे बघितलं. "हो," तो म्हणाला, "तसंच."

पैसे मात्र घेतले नाहीत. असे प्लंबर अजून शिल्लक आहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ठोका गेला! कानसेनने सगळीकडून ऐकलं, काही नाही. खोली शांत.

दोन गाणी केली. दोन्ही पळाली. उद्या परत करू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पळाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजही तेच. मी गाणं सुरू करते आणि तिसऱ्या ओळीपर्यंत उताराला लागल्यासारखी सुटते. कानसेनने हेडफोनमधून टिक टिक टिक लावून दिली. तिच्याबरोबर गायले तर पळाले नाही, पण ऐकताना वाटलं शाळेतली कवायत चाललीय. एक दोन, एक दोन. टिकटिक माझ्यासाठी थांबत नाही, मी तिच्यासाठी थांबत नाही.

मी खोलीला दोष दिला, हवेला दिला, गिटारच्या तारा बदलल्या. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी चिडून म्हटलं, "गेल्या आठवड्यात याच अंगणात नाचत होते ना?" ती म्हणाली, "तेच तर म्हणते. विचार कर जरा." आणि गेली. कोडी सोडवून सोडवून माणसं कोड्यातच बोलायला लागतात.

दादा चहाच्या वेळी समोर बसला होता. माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "काही नाही. दमलेली दिसतेस." मी म्हटलं, "तुला काय त्याचं." खरं तर इतकं तोडून बोलायचं कारण नव्हतं. तो उठून बशी विसळायला गेला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी शिकवणीला एक आजोबा होते. सिग्नल हिरवा झाला तरी ते शांतपणे आरसा बघत बसले. मागचे हॉर्न वाजवतायत, माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर नाचतोय, आणि आजोबा म्हणतात, "मॅडम, तुम्ही ब्रेक दाबून ठेवलाय, गाडी जाणार कशी?" खरंच ठेवला होता.

संध्याकाळी घरी आले तरी बसवेना. खिडकी उघडली, बंद केली. गिटार घेतली, ठेवली. खाली लोखंड आपटत होते. सहा दिवस उरलेत आणि चार गाणी बाकी आहेत. तसंही कोण वाट बघतंय? सहा अल्बम मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वेळी. यानंतर पुढची वेळ नाही. मला गाणं सोडायचं नाहीये. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कानसेनने घोळ घातला. कंपनीच्या बाईंना नमुना म्हणून एक गाणं पाठवायचं होतं. टिकटिकवालं, स्वच्छ. त्याने चुकून "रिकामी जागा" पाठवलं. ठोक्यासकट! म्हणतो, दोन्हींची नावं सारखी होती, बोट घसरलं. त्याचं बोट कधी घसरत नाही. मी फोनवर इतकी ओरडले की खालच्या व्यायामशाळेत शांतता पसरली.

झालं. संपलं. आता त्या विचारणार, हेच का तुमचं स्वच्छ?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंचा फोन आला. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि शिकाऊ मुलीला आरसे पुसायला सांगितलं.

त्या म्हणाल्या, "गाणं आम्हाला हवंय. असंच हवंय. पण आधी सांगा, तुमचा ड्रमर कोण?"

मी म्हटलं, "ड्रमर नाही. मी एकटीच आहे."

"अहो, असं कसं? तो ढप ढप कोण वाजवतंय? दुसऱ्या कडव्यात तुम्ही पुढे निघून जाता, तर तो एक ठोका सोडून देतो आणि तुम्हाला परत आणतो. आम्ही इथे तिघं जण तेवढाच तुकडा परत परत ऐकतोय. असा माणूस मिळाला कुठून तुम्हाला? त्याचं नाव कव्हरवर यायला हवं."

कळवते म्हणून मी फोन ठेवला. मुलीने चारही आरसे पुसून पुन्हा पहिला घेतला होता.

घरी येऊन हेडफोन लावले आणि ऐकलं. आजपर्यंत मी फक्त माझा आवाज ऐकत होते, ठोका ऐकला तो चूक म्हणून. आता माझा आवाज सोडून दिला. ढप. ढप. दुसरं कडवं. मी पळाले. ढप. आणि मग काहीच नाही. ती पायरी नाही. मी अडखळले, जागेवर आले. ढप.

पाइप असं करत नाही. जगात एकच माणूस असं करतो.

आणि तो कुठल्या गाण्याला ठेका धरत होता! "तुझी पाठच पाहिली." "आईच्या मागे लपलास." तिसऱ्या कडव्यात तर मी भ्याड म्हटलंय त्याला, स्पष्ट, सुरात. भिंतीपलीकडे बसून तो मला त्या शब्दांपर्यंत हात धरून नेत होता, मी पडू नये म्हणून. आणि मी प्लंबर आणला.

रडले. सरळ लिहिते, खूप रडले. मग बसून तिन्ही कडवी बदलली. पाठ काढली, भ्याड काढला, रिकाम्या जागेवर ऊन आणून बसवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी न सांगता गेले. वहिनीने दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "सुटलं वाटतं कोडं. जा आत."

दादा भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसला होता. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे, मध्ये फक्त भिंत. पायाखाली सुटकेस. तिचा एक कोपरा टाचेने गुळगुळीत झाला होता. उठायची धडपड केली नाही, सुटकेस लपवली नाही. फक्त म्हणाला, "प्लंबरने सांगितलं का?"

"नाही. कंपनीच्या बाईंनी. त्यांना तू हवा आहेस." मग मी एकदम विचारलं, "तुला ऐकू कसं येतं? यंत्र तर बशीत असतं."

"बशीत डाव्या कानाचं असतं." त्याने मान वळवून उजवा कान दाखवला. "दोन आहेत. डावं तुझ्या वहिनीसाठी काढून ठेवतो, म्हणजे तिला वाटतं मी झोपलो."

"मला कधीच वाटलं नाही," वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली.

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. "म्हणजे शब्द ऐकलेस?"

"इतक्यांदा गायलीस. ऐकणारच की."

"सगळे?"

"भ्याडपर्यंत."

मी खाली बसले, सुटकेसजवळ, जमिनीवरच. म्हटलं, दादा, मी बदललंय ते गाणं, नवे शब्द आणलेत. कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून छापखान्यातल्या सवयीने ओळीवर बोट ठेवत ठेवत वाचलं. मग कागद परत दिला.

"बेचव आहे. जुनंच ठेव."

"पण ते खोटं आहे."

"खोटं कुठे आहे? फिरवली होती की पाठ." त्याने चष्मा काढला. "आई मागून गेटपर्यंत आली होती. अनवाणी. ताप होता अंगात. तुला बघायला म्हणून उठून आली. तिला आत न्यायला वळलो. तिला टेकवून परत आलो तर गाडी गेलेली."

इतकी वर्षं मी त्या शर्टाची पाठ बघत होते, आणि त्या पाठीआड आई होती.

"सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? तू आलीस की फळं ठेवायचीस आणि निघायचीस." ओरडून नाही, रागाने नाही, नुसतं जे होतं ते. "तुला खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं तू लिहिलंस, भिंगरे. गाण्यात तेवढंच असू दे. ठेका बसलाय त्याला."

मग मी विचारलं, येशील का माझ्या खोलीत, शेजारी बसशील का, पूर्वीसारखा. मला वाटलं होतं हो म्हणेल. तो म्हणाला, "नको. मी इकडेच बरा. मध्ये भिंत असली की तू खरं बोलतेस."

लागलं मला ते. पण बरोबर आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं.

काल आणि आज मिळून चारही गाणी, आणि "रिकामी जागा" पुन्हा एकदा, कारण आता सुटकेससमोर चांगला माइक होता. कानसेनने तो दादाच्या टाचेपाशी इतक्या आदराने ठेवला की दादा पाय मागे घ्यायला लागला. फ्रीज बंद करायला दादाच गेला. तेव्हा कळलं, रोज चालूही तोच करत होता. घड्याळाची बॅटरी, बिजागऱ्यांचं तेल, सगळं त्याचंच. मी या वहीत त्याला काय काय म्हटलंय ते मागची पानं उलटून वाचलं. खोडलं नाही. राहू दे.

कव्हरवर काय नाव घालायचं विचारलं तर म्हणाला, "लिही, सुटकेस: दादा." वहिनी म्हणाली, "आणि खोली: वहिनी. भांड्यांसकट."

शेवटी "रिकामी जागा." जुनेच शब्द. दोन्ही दारं बंद. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि या खेपेला मला माहीत होतं पलीकडे कुणाची पाठ आहे. पहिलं कडवं सरळ गायले. ढप, ढप, पाठीच्या कण्यात जाणवत होतं. "पाठच पाहिली"पाशी थांबलेच असते, पण ठोका चालू होता म्हणून मीही चालू राहिले.

दुसऱ्या कडव्यात आतून कुणी ढकललं नाही. पळायचं कारणच नव्हतं. तरी मी पळाले, सरळ सुटले, एक ओळ पुढे.

पलीकडे ठोका गळला.

मी थांबले. त्या जागी मी इतका वेळ कधीच थांबले नव्हते. मग ढप आला, आणि मी त्याच्याबरोबर निघाले, शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटचा स्वर विरत होता, कानसेन हात वर करून सगळ्यांना गप्प बसवत होता, तेवढ्यात भिंतीतून दादाचा आवाज आला, स्पष्ट:

"मुद्दाम केलंस."

कानसेनने डोळे मिटून मान हलवली. म्हणाला, "एवढं शेवटचं कापून टाकतो, ताई."

मी म्हटलं, हात लावशील तर बघ.